शेंदूर मी फासला

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही — आणि त्याला माझं खरं वजनसुद्धा ठाऊक आहे. तुम्हाला सांगते. तोंड वाकडं करायचं तर खुशाल करा.

आमच्या कांजूरला, सोसायटीच्या मागे, इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा पूल आहे. नाल्यावर काळ्या दगडाच्या कमानी, दोन्ही बाजूंना मातीचा उंच भराव. मिठागरांतलं मीठ न्यायला घातलेली लाइन होती ती. मीठ बंद झालं, रूळ उखडून नेले, भरावावर घाणेरी माजली — पूल मात्र हलला नाही. माझे आजोबा त्या लाइनवर गँगमन होते. बाबा मला तिथे फिरायला न्यायचे, कमानीतला मधला दगड दाखवायचे, म्हणायचे, हा निघाला की सगळं खाली. तुमचं असं काहीच नाही का, ज्याला कोणी हात लावलेला खपत नाही?

मग वरून ठरलं — पूल पाडायचा, भराव सपाट करायचा, हॉस्पिटलपर्यंत सरळ रस्ता काढायचा. समोरच्या शैलाने सोसायटीभर पेढे वाटले. तिच्या नवऱ्याचं, सुरेशभाऊजींचं, हृदय अधू. दर वेळी रिक्षाला हायवेवरून वळसा पडायचा. रस्त्यासाठी सह्या तिनेच दारोदार फिरून गोळा केलेल्या. सही मीही केली होती. हसत.

आणि एका दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, मी तेलात शेंदूर कालवला आणि भरावावरच्या जुन्या मैलाच्या दगडाला फासला. वर झेंडूचं फूल ठेवलं. बस, एवढंच! शनिवारी कोणीतरी रुईच्या पानांची माळ घातली, पुढच्या शनिवारी तेल — झाला मारुती. जेसीबीवाला आला, चपला काढून पाया पडला आणि मशीन चालू करायला नाही म्हणाला. साहेब लोक येऊन बघून गेले. देवाला हात कोण लावणार? रस्ता बारगळला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

पुढच्या वर्षी सुरेशभाऊजींच्या छातीत कळ आली. रिक्षा वळशानेच गेली. ते हायवेवरच गेले.

रडले का? रडले. शैलाच्या गळ्यात पडून रडले. पण जाऊन दगड पुसला का — नाही. उद्या परत जेसीबी आला तर काय करशील, विचारा ना. शेंदराची डबी अजून आहे माझ्याकडे. पूल उभा आहे आणि तो मी उभा ठेवलाय. यात मी काही गोड करून सांगणार नाही.

शैला दर शनिवारी तिथे जाते. गेल्या खेपेला मीही होते. तिने नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "देवाला पूल हवा होता गं. त्याच्यापुढे आपलं काय चालणार?"

देवाला नव्हता हवा. मला हवा होता.

तिच्यासमोर उभं राहून मी ते खोबरं खाल्लं. गोड होतं.