एका ओळीत एक बैल

दोन हजार सालानंतर कधीतरी मुरबाडच्या एका बैलांच्या व्यापाऱ्याला वेबसाइटची हौस आली. बाजारपेठेत वीज मनात आलं तर यायची, पण शेठचे बैल मात्र इंटरनेटवर विकले जाणार होते. मी तेव्हा ठाण्यात प्रोग्रामर होतो आणि मुरबाड तालुक्यातल्याच धसईजवळच्या गावचा, म्हणजे घरचाच. घरच्या माणसाला चहा पाजला की मजुरी फिटते, असा शेठचा समज होता.

वेबसाइट गिऱ्हाइकांसाठी आणि तिच्या मागचं ॲडमिन पॅनल शेठसाठी. तिथे बसून त्याने मालकाची, बैलांची माहिती भरायची आणि बैल विकला की तशी खूण करायची. मी जोडीचा हिशेब धरून मांडणी केली होती. एक मालक, त्याची जोडी, जोडीत दोन बैल. एकत्र वाढलेली जोडी आमच्याकडे सहसा कोणी फोडत नाही.

शेठने स्क्रीनकडे पाहिलं. "जोडी कशाला रे? एकेक बैल वेगळा टाक. आकडा डबल दिसंल."

डेटाबेसवर इतकं सखोल चिंतन मी कंपनीतही ऐकलं नव्हतं. पुढची सूचना अशी, की किमतीचा रकाना हवा, पण तो त्याच्या भागीदाराला दिसता कामा नये. शेठ म्हणजे बाजारात रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवणारा माणूस. मी त्याला वेगळा पासवर्ड करून दिला. विसरायला नको म्हणून त्याने तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, भागीदाराच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर.

त्याच वर्षी बाबांनी आमची जोडी विकायला काढली. त्यांचे गुडघे गेले होते आणि शेतात भाड्याचा पॉवर टिलर येऊ लागला होता. त्यांची अट एकच होती, दोघे एकाच गोठ्यात गेले पाहिजेत. शेठच्या कृपेने मला ते दोन ओळींत भरावे लागले. दोन्हींखाली मी शेरा लिहिला, "जोडीनेच देणे." शेरा वाचायला एक क्लिक जास्त करावं लागे आणि शेठ क्लिकच्या बाबतीतही काटकसरी होता.

एका रविवारी शहापूरकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आमच्या दारात उभा राहिला. त्याचा एक बैल मेला होता, उरलेल्याला जोडीदार हवा होता. शेठने स्क्रीनवर आमचा एक बैल दाखवून इसारही घेतला होता.

"एकच?" बाबांनी विचारलं.

"एकच पायजे होता, काका."

मी म्हणालो, इसार परत करू, चूक शेठची आहे. शेठची मान पिरगाळावी इतका राग आला होता मला.

"आपल्या नावानं इसार घेतलाय ना? मंग शबूद दिला गेला," बाबा म्हणाले आणि गोठ्यात गेले. बाहेर आले ते दोन्ही बैल घेऊन.

"दुसऱ्या बैलाचा पैसा नको. फकस्त यांना येका गोठ्यात बांध."

त्या माणसाने दोन्ही कासरे हातात घेतले आणि मान खाली घालून टेम्पोकडे गेला. मला रडू आलं, ते मी टेम्पोच्या धुरावर ढकललं.

संध्याकाळी शेठचा फोन आला. एका घरातून दोन बैल गेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "बघ, जोडी नाय टाकली त्याचा फायदा," तो म्हणाला. दुसऱ्या बैलावर विकल्याची खूण करायला मला बजावून त्याने फोन ठेवला.

बाबा ओटीवर बसले होते. "आता त्या कंप्युटरात आपला काय राह्यला?"

"तुमचं नाव. मालक म्हणून. खाली बैल एकही नाही. काढून टाकू?"

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कोनाला तरी म्हाईत असू दे, होते म्हनून."