चूल एक की दोन

“चूल किती?”

आमच्या गावात आलेले ग्रामसेवक रामराम घालायच्या आधीच हे विचारायचे. विचारताना तीन बोटं चुलीच्या दगडांसारखी उभी धरायचे. समोरच्याला वाटे, तीन चुली म्हणताहेत. मग म्हातारी माणसं घाबरून सांगत, “एकच आहे जी!”

ते साताऱ्याकडचे. मी शाळेत मास्तर, त्यांच्या खोलीशेजारी राहणारा. म्हणून घरं दाखवायला सोबत जायचो. गरीब कुटुंबांना शेळ्या मिळणार होत्या. त्यासाठी घरात माणसं किती आणि उत्पन्न किती, हे लिहून न्यायचं होतं. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा नियम.

आमच्या लोकांनी त्यांना पार गोंधळवून टाकलं. वर्षाचं उत्पन्न विचारलं, तर वांगीवाला म्हणाला, “कोणत्या वर्षाचं? किडीच्या का बिनकिडीच्या?” ग्रामसेवक पेन कानावर ठेवून विचार करायचे आणि मग तेच पेन खिशात शोधायचे.

सोनाबाईच्या घरी मात्र हसू आलं नाही. ती विधवा. नाल्याकाठी भाजी लावायची. मुलगा सेवाग्रामला दवाखान्यात कामाला, रोज जाऊन-येऊन. सासूसुनेचं काहीतरी बिनसलं होतं आणि सोनाबाई ओसरीत वेगळं रांधू लागली होती.

“दोन चुली,” सून म्हणाली.

“एक,” सोनाबाई म्हणाली.

“पण तुम्ही जेवता कुठं?” ग्रामसेवकांनी विचारलं.

“ओसरीत. लेकाले ताप आला तं पेज मीच करते.”

“म्हणजे तुम्ही वेगळ्या राहता.”

“चूल अलग आहे, साहेब. मी काऊन अलग होईन?”

ग्रामसेवकांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात बांधलेल्या गाईकडे बघू लागलो. एक लिहिलं तर मुलाचा पगार धरला जाणार आणि म्हातारीला काही मिळणार नाही. तिचं भलं व्हावं म्हणून त्यांनी दोन लिहिलं.

शेळ्या आल्या. वाटपाच्या दिवशी चावडीत नावं मोठ्यानं वाचली गेली. “सोनाबाई. घरात माणसं, एक.” मुलगा तिथंच उभा होता. त्याच आठवड्यात बायकोपोरांना घेऊन सेवाग्रामला खोली करून राहिला.

सोनाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती शेळ्यांची दोरी धरून आमच्या दारात आली. “साहेब, या घेऊन जा. मले एकटीले करमत नाई.”

शेळ्या परत घ्यायची सोय नव्हती. ती गेल्यावर ग्रामसेवक मला म्हणाले, “मास्तर, मी खरं लिहिलं की खोटं?” मी म्हटलं, चला, तिच्या मुलाला भेटून येऊ.

रविवारी आम्ही दोघं सेवाग्रामला गेलो. सोनाबाईनं नातवंडांसाठी शेळीचं दूध दिलं होतं. ते वाटेतच नासलं. नासलेल्या दुधाचा डबा हातात घेऊन ग्रामसेवक दारात उभे राहिले.

मुलगा म्हणाला, “मायचा राग नाई मले. पण साऱ्या गावासमोर तिले एकटी केलं तुम्ही. मी मेलो होतो का?”

बसमध्ये ग्रामसेवकांनी नियम समजावून सांगायची तयारी केली होती. ते सगळं विसरून म्हणाले, “माझं चुकलं. काय चुकलं, ते मात्र अजून कळलेलं नाही.”

मुलगा खुर्ची आणायला आत गेला.

तो राहायला काही परत आला नाही. पण रविवारी येऊ लागला, एकदा पोरांना घेऊन, मग बायकोलाही. सुनेनं ओसरीत सासूजवळ बसून वांगी चिरलेली मी पाहिली. आता हे घर एक म्हणायचं की दोन, असं ग्रामसेवकांनी मला विचारलं नाही. मनात आलं असणारच.

पुढं त्यांची बदली झाली. निरोपाला बरेच जण जमले, सोनाबाईही आली. गर्दीतून वाट काढत ते बसमध्ये चढले आणि नेमके पलीकडच्या खिडकीशी बसले. बस हलली तेव्हा आम्हाला त्यांची पाठ दिसत होती, आणि खिडकीबाहेर काढलेला हात.

“साहेब कोणाले हात करून राह्यले?” सोनाबाईनं विचारलं.

त्या बाजूला फक्त कापसाच्या पऱ्हाटीचं शेत होतं. आम्हीही सगळे त्यांच्या पाठीला हात हलवत राहिलो.