हमीदचाचांचा खोटा किडा

नदीवर रोज मासा मिळेलच असं नाही, पण किस्सा न घेता कुणी घरी येत नाही. बाबांसोबत काजळी नदीच्या डोहावर जाऊन जाऊन माझ्याकडे बरेच साठलेत. त्यातले हे यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावरचे.

*

बाबांचे मित्र हमीदचाचा दुबईहून महिनाभराच्या सुट्टीवर आले ते फ्लाय फिशिंगचा रॉड घेऊनच. हुकाला पिसं गुंडाळून केलेला लालभडक खोटा किडा! त्यावर एक तरी खडस मासा धरायचा आणि मगच परत जायचं, असं त्यांनी जाहीर केलं.

गळाला गांडूळ लावून बसलेले आमचे शेजारी दत्तूकाका म्हणाले, "हमीद, मासा कोकणातला आहे. खोट्या जेवणाला यायचा नाय!"

*

पहिल्याच दिवशी चाचांनी रॉड जोरात मागे झुलवला आणि दोरी आंब्याच्या फांदीत अडकली. ओढली तर कैरी खाली!

"चला, कालवणाला आंबट झालं," दत्तूकाका म्हणाले. "आता मासा तेवढा बघ!"

*

फाल्गुनात पाणी उतरतं, तळाचे गोटे स्वच्छ दिसतात. मासे सावलीलाही बिचकतात. म्हणून चाचांनी आम्हा सगळ्यांना काठापर्यंत रांगत नेलं.

पलीकडे कपडे धुणाऱ्या बाईंनी ओरडून विचारलं, "काय हरवलंय काय ओ?"

"मासा!" बाबा म्हणाले.

*

संध्याकाळी पाण्यातून बारीक किडे पंख फुटून वर येतात आणि मासे तेच टिपतात. ते किडे राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढे. चाचांचा मात्र लाल आणि बोटाएवढा! हे चाचांना सांगायचा धीर व्हायला मला तीन दिवस लागले. शेवटी एक किडा काडेपेटीत घालून मी त्यांच्यापुढे ठेवला.

चाचांनी तसाच इवलासा किडा बांधला.

"एवढासा?" दत्तूकाका म्हणाले. "मासा काय चष्मा लावून येणाराय?"

*

सुट्टीची शेवटची संध्याकाळ. किडे वर आले, पाण्यावर वर्तुळं उठली आणि चाचांचा रॉड वाकला. दहा मिनिटांनी हातभर खडस काठाला!

चाचांनी हूक सोडवला. मासा दोन्ही हातांनी पाण्यातच धरून ठेवला. त्याचे कल्ले नीट हलायला लागले, तसे त्यांनी हात उघडले.

मासा डोहात दिसेनासा झाला. तेवढ्यात चाचीचा फोन आला. चाचांचे हात ओले, म्हणून बाबांनी तो स्पीकरवर घेतला.

"मसाला वाटून झालाय. मिळाला काय?"

"मिळाला."

"मग आणा लवकर!"

चाचा पाण्याकडे बघत राहिले. दत्तूकाकांनी बाबांच्या हातातून फोन काढून घेतला.

"भाभी, मासा माझ्या हातनं निसटला. काय बोलायचंय ते मला बोला."