उजवीकडची सीट आणि पेट्रोलचा काटा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली आहे. त्यामुळे मीच असलं काही लिहायला बसलोय हे कळलं तर आधी घरचे हसतील. मी डिप्लोमा मेकॅनिकल. गाडी बंद पडली तर हवा, पेट्रोल नाहीतर स्पार्क, याच्यापलीकडे चौथं कारण नसतं असं मानणारा. अजूनही तेच मानतो... एक प्रसंग सोडून. आणि त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पावणे गावच्या एमआयडीसीत, खाडीच्या अंगाला, माझं आणि दीनानाथ म्हात्रेचं भागीदारीत गॅरेज होतं. जागा त्याच्या वडिलांची, डोकं माझं, असं मी म्हणायचो. त्यावर तो म्हणायचा, "डोकं कुटं हाय, दाव तरी."

पनवेलचे हमीदभाई आमचं जुनं गिऱ्हाईक. बरीच वर्षं कुवेतला होते, येताना एक जुनी जर्मन गाडी घेऊन आले. स्टिअरिंग डावीकडे, आणि कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबाने इंजिनात पेट्रोल सोडणारी यंत्रणा. त्या काळात आपल्याकडे हे प्रकरण फार थोड्यांनी उघडून पाहिलेलं. हमीदभाई डावीकडे बसून गाडी चालवायचे आणि त्यांची लहानगी शबाना उजवीकडे बसायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, फ्रॉकमधली पोरगीच गाडी हाकतेय. तिला त्याची भारी मजा वाटायची. "तुला सासरी ह्याच गाडीतून सोडनार," हे हमीदभाईंचं ठरलेलं वाक्य.

शबाना मोठी झाली, आणि ते अचानक गेले, हार्ट अटॅकने. गाडी अंगणात उभी राहिली. पुढच्या वर्षी शबानाचं लग्न ठरलं, मुलगा उरणचा. जुबेदाभाभींनी, म्हणजे हमीदभाईंच्या पत्नीने, गाडी टो करून आमच्याकडे पाठवली आणि फोन केला.

"भाऊ, दुसरी गाडी मिळंल, तसं नाय. पन तिच्या अब्बांनी जबान दिलेली. तेवढी पुरी झाली पायजे."

गाडी सुरू व्हायची, पण जरा रेस दिली की गुदमरायची. पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर गेज लावला. काटा अठ्ठावीसला हवा, तो बाराच्या पुढे सरकेना. फिल्टर बदलला. जुना कापून पाहिला तर आतून स्वच्छ, म्हणून टाकीवर मी संशयच घेतला नाही. पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप चिमटून पाहिला. दाब राखणारा रेग्युलेटर खराब असता तर काटा उसळला असता... ढिम्म. म्हणजे पंप. कुर्ल्याहून दुसरा पंप शोधून आणला, बसवला. पुन्हा बारा! लग्न तोंडावर आलेलं, आणि मला भाभींना काय सांगायचं ते कळेना.

एका दुपारी शबाना गाडी बघायला आली. वाशीत नोकरीला होती, तिथून जेवणाच्या सुट्टीत. मी गेजची नळी लांब करून, गेज बाहेरून काचेवर टेपने चिकटवला होता, म्हणजे चालवताना काटा दिसतो. इंजिन चालू होतं. ती सरळ उजवीकडचं दार उघडून आपल्या जागेवर बसली.

काटा चढला. बारा, अठरा, अठ्ठावीस. आणि तिथेच थांबला.

मला आनंद झाला, कारण मला वाटलं फॉल्ट सापडला. सीटखाली एखादी वायर लूज असणार, वजन पडलं की टेकत असणार. शबानाला उतरवलं, काटा खाली. मग दीनानाथला बसवलं. काटा बारावरच.

"माजं वजन हिच्या डबल हाय," दीनानाथ म्हणाला, "मंग काटा हालत का नाय?"

सीटवर जुनी बॅटरी ठेवली, टायर ठेवले. मी स्वतः बसलो. पंपाच्या वायरींना मीटर लावला. कोणीही बसलं तरी व्होल्टेज तेवढंच. शबाना बसली की अठ्ठावीस. उतरली की बारा. शेवटी तीच हसून म्हणाली, "अंकल, मी सीटचा पार्ट आहे वाटतं." हसताना तिचे डोळे भरले होते. माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही, पण दीनानाथने मात्र टोपी काढून हातात घेतली.

भाभींना मी खरं ते सांगितलं: शबाना पुढे बसली तरच गाडी चालते. त्या म्हणाल्या, "मग ती बसंल पुढं. जावईबापू मागं बसतील."

आणि तसंच झालं. गाडी टो करूनच पनवेलला नेली, आणि निकाहनंतर भर दुपारी निघालो. मी डावीकडे स्टिअरिंगवर, उजवीकडे नवरी, आणि नवरदेव शेरवानीत मागच्या सीटवर मिठाईचे डबे मांडीवर घेऊन. गव्हाण फाटा, जासई, कंटेनरच्या ट्रेलरांची रांग... गाडी एकदाही अडखळली नाही. शबाना रस्ताभर काट्याकडे बघत होती. तो अठ्ठावीसवरून हलला नाही.

उरणला घरासमोर थांबलो. ती उतरली. दार लागलं. माझ्या डोळ्यांदेखत काटा खाली आला. बारा, दहा, आणि इंजिन बंद. पुन्हा काही सुरू झालं नाही. दुसऱ्या दिवशी टो करून आणली.

आता मात्र टाकी उतरवली. जिथून पेट्रोल बाहेर पडतं त्या तोंडात निळ्या चौकडीच्या लुंगीचा बोळा गच्च ओढला जाऊन बसला होता. पकडीने खेचून काढावा लागला. भाभींना दाखवला तर त्या मटकन खाली बसल्या. हमीदभाई गेल्यावर टाकीच्या झाकणाची किल्ली सापडेना, म्हणून ते तोडलेलं. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून भाभींनीच हमीदभाईंची लुंगी फाडून पेट्रोल भरायच्या तोंडात बोळा कोंबला. पुढे दिराने नवं झाकण लावलं तोवर बोळा आत टाकीत घसरलेला, म्हणून दिसला नाही. कोणीतरी काढला असेल असं दोघांनाही वाटलं.

म्हणजे प्रेशर कमी का होतं, ते मला कळलं. त्या बोळ्यातून अठ्ठावीस कसं मिळालं, ते नाही. काही मित्र म्हणतात, कापड मध्येच सुटत असेल. असेल. पण ते मी माझ्या हाताने उपटलंय, सुटं नव्हतं. आणि सुटायचंच होतं तर दीनानाथसाठी का नाही?

टाकी धुऊन बसवल्यावर गाडी कोणालाही घेऊन पळायला लागली. शबाना पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा गॅरेजवर डोकावली. गेज अजून काचेवरच होता. ती उजवीकडे बसली, उतरली, पुन्हा बसली. काटा अठ्ठावीसवर स्थिर.

"आता मी नसले तरी चालते?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. आयुष्यात इतक्या गाड्या दुरुस्त केल्या, पण दुरुस्त केल्याचं वाईट त्या एकदाच वाटलं. ती उतरली आणि दार हळूच लावून घरी गेली.

त्या दिवशी काटा का चढला होता, ते मला आजही माहीत नाही.