यजमानांची तपासणी

आमच्या घराण्यात डोकं एकालाच मिळालं आणि ते मला, असं आमच्या गावात, हिंडलग्यात, कुणीही सांगेल. मी बेळगावच्या कॉलेजात गणित शिकवतो. धाकटा भाऊ दहावीला दोनदा आपटला आणि शेतात भाजी लावू लागला. माझ्या लग्नाच्या वेळी मुलींचे बाप रांगेत उभे होते. पगार ऐकून पत्रिकासुद्धा न बघता तयार. भावाला सहा नकार आले, सातवीने कशीबशी मान डोलावली. त्याला आता तीन मुलं आहेत. मला नऊ वर्षांत एकही नाही.

पहिली पाच वर्षं आम्ही बायकोला तपासत होतो. आम्ही म्हणजे सगळं खानदान. गोळ्या, इंजेक्शनं, उपास, अंगारे, ज्याने जे सांगितलं ते तिने मुकाट्याने केलं. डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या, यजमानांची एक तपासणी करून घ्या. यजमान म्हणायचे, माझी कशाला? आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. शेवटी केली. दोष माझाच निघाला. तो रिपोर्ट मी कपाटात कपड्यांखाली सारला. बायको त्यानंतर चार वर्षं गप्प राहिली, कारण मी तिच्यापुढे हात जोडले होते.

परवा भावाच्या तिसऱ्याचं बारसं होतं. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाळ खालून-वरून एकमेकींच्या हातात देत होत्या. माझ्या बायकोची पाळी आली, तिने हात पुढे केले, तेवढ्यात घरातली सगळ्यात मोठी, माझी आत्या, मध्ये घुसली आणि बाळ स्वतःकडे ओढून घेतलं. बायकोचे हात तसेच पसरलेले राहिले. माझं डोकंच फिरलं. दारातूनच सगळ्यांदेखत म्हणालो, "आत्या, खोट तिच्यात न्हाय, माझ्यात हाय. डॉक्टरनी लिहून दिलंय."

मग आत्याने पदर डोळ्यांना लावला.

"बघा गं, बायकूसाठी सवताच्या अंगावर घ्यायलाय! एवढं डोस्कं, एवढा पगार, ह्येच्यात काय कमी असणार? लई गुणाचं लेकरू माझं."

"व्हय की, नशीब काढलं हिनं!" बाकीच्या म्हणाल्या. भाऊसुद्धा माझ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत होता.

तेव्हा मी पुन्हा तोंड उघडायला हवं होतं. रिपोर्ट माझ्या घरी कपाटात होता, नेऊन दाखवता आला असता. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. कौतुकाने लाजल्यासारखी मान खाली घातली आणि कुणीतरी हातावर ठेवलेल्या घुगऱ्या खात बसलो.

बारसं आटोपून आम्ही दोघं गाडीवरून घरी आलो. घराचं कुलूप काढताना तिने माझ्याकडे बघितलं.

"एकदा सांगितलासा," ती म्हणाली. "मग गप का बसलासा?"