कॅपच्या आतले प्लग

"सर, कान फुटून राहिला!"

आठ फुटांवरून प्रज्ञा मेश्राम पुन्हा वर आली. आमच्या टाऊनशिपच्या पूलची खोल बाजू सोळा फूट. रविवारी ट्रायल होती. एका दमात तळाची रिंग आणली, तं समुद्रावरच्या फ्रीडायव्हिंग कोर्सची सीट पक्की. अन् शुक्रवार उजाडला तरी पोट्टी आठ फुटांवरच अडकलेली. मी तिचा कोच, रिटायरमेंटला तीन महिने उरलेला.

फ्रीडायव्हिंग म्हणजे सिलिंडर न घेता, एका श्वासात खाली जाणं. खाली पाणी कानाचा पडदा आत दाबते. तवा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडते, आतून हवा जाते, पडदा सरळ होतो. याले आमी इक्वलाइज करणं म्हणतो. दुखायच्या आधीच करायचं.

काठावर फुंकलं का तिचे कान बरोबर 'कट्' वाजत. पाण्यात गेली का बोंबाबोंब.

"उशिरा फुंकतेस तू," मी चिडलो.

"नाही सर, पहलेपासूनच फुंकून राहिली. अजून जोर लावू का?"

"अवं, पडदा फाडतेस का? निघ बाहेर!"

तिनं कॅप काढली अन् माझं डोकंच फिरलं. दोन्ही कानांत नारिंगी प्लग! स्टील प्लांटमध्ये मशीनच्या आवाजासाठी लावतात, ते.

"हे कोणं दिले?"

"बाबानं. म्हणे, सेफ्टी पहले."

प्लग लावला का त्याच्यात अन् पडद्यात हवा कोंडते. बाहेरून पाणी तिथं पोचत नाही, अन् आतून फुंकलं का पडदा उलटा फुगते. पोट्टी बरोबर करून राहिली होती, अन् मी तिलेच झापत होतो. लाज वाटली मले.

संध्याकाळी कँप-1 वस्तीत प्रज्ञाच्या घरी गेलो. तिचे बाबा, मेश्रामभाऊ, प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर. जवानीत शिफ्ट सुटली का सायकलीनं पूलवर येत. माझी एक हाक पुरे, का मारलीच उडी. काय दिवस होते! तवा मिलमध्ये प्लग लावणाऱ्याले आमी भित्रा म्हणायचो. मीही म्हणालो होतो.

"भाऊ, पाण्यात प्लग कावून दिले?"

"का म्हणता? जोरात बोला."

मी कानाशी जाऊन ओरडलो.

"माहे कान तं गेले, सर. पोरीचे तरी राहू द्या म्हटलं."

पाण्यात प्लगनंच पडदा फाटते, हे मी त्यांले ओरडून समजावलं.

शनिवारी डॉक्टरनं प्रज्ञाचे कान पाहिले. पडदे शाबूत होते. रविवारी मेश्रामभाऊ काठावर उभे, प्लग मुठीत आवळलेले. प्रज्ञा उघड्या कानांनी खाली गेली अन् रिंग घेऊनच वर आली.

"बाबा, जराही नाही दुखलं!"

भाऊ माझ्याकडे वळले. "का म्हणते?"

मी सांगितलं. साऱ्या पूलनं ऐकलं.

उरलेले तीन महिने मी पोरांले आधी कॅप काढायले लावत होतो. झापणं मग.