राउटरचं नाव बोंबील

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बोंबील' उमटलं आणि अख्खा क्लास हसला. सर खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "कळंबची ना तू, मासळीवाल्यांची? मग हेच शोभतंय."

मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं. नाटक मला तेव्हाही छान जमायचं.

वसई स्टेशनजवळचा कॉम्प्युटर क्लास. दोन हजार सालानंतरची गोष्ट. क्लासमध्ये सगळी पोरं, मुलगी मी एकटीच. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा राउटर एकच. त्या यंत्राला माउस कळत नाही. एकेक हुकूम टाइप करून त्याला शिकवावं लागतं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही. सुरुवातीलाच त्याला नाव द्यायचं. मग तेच नाव दर ओळीआधी येत राहतं. क्लासची रीत अशी, की जो कीबोर्डवर बसेल त्यानं आपलं नाव द्यावं. कुणी प्रथमेश, कुणी नेल्सन. घटकाभराची बादशाही. माझी पाळी आली तेव्हा सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

वर ते नाव त्यांनी साठवून ठेवलं. राउटर बंद केला की इतरांची नावं पुसली जायची. माझं राहायचं. रोज सकाळी यंत्र जागं व्हायचं ते मला हाक मारत.

पोरंही शिकली. "ए बोंबील, पंखा लाव." मी ओ द्यायची. शिवाय कमरेवर हात ठेवून मासे विकण्याची नक्कल करून दाखवायची. हशा. डबा मात्र जिन्यात एकटी बसून खायची. डब्यात खरंच बोंबील असायचे.

एकदा आईला सांगितलं. ती नुकतीच बाजारातून येऊन टोपली उतरवत होती.

"आनी तू काय केलंस?"

"हसले."

आईनं टोपली कोपऱ्यात ठेवली. पाणी प्यायली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाळी आल्यावर मी माझं खरं नाव टाकलं. मध्ये आडवी रेघ देऊन आडनावासकट. घरी गेले ती घोड्यावरच्या नवरदेवाच्या ऐटीत. सकाळी पडद्यावर पुन्हा बोंबील. साठवण्याचा हुकूम द्यायला मी विसरले होते. पोरं टेबलं बडवून हसली.

या वेळी मी हसले नाही. खुर्चीत बसले. नाव टाइप केलं. साठवलं. राउटर बंद केला, चालू केला. तो सावकाश उठतो.

माझं नाव आलं.

"पूस ते," सर म्हणाले. "गंमत कळत नाही का तुला?"

"कळते, सर. नक्कल मीच करत होते. आता नाही करणार."

"मग ऊठ. मुलांचा वेळ जातोय."

"माझी पाळी आहे."

सर पोरांना शेजारच्या खोलीत घेऊन गेले. खुर्च्या सरकल्या. नेल्सन दारात जरासा थबकला. मग तोही गेला.

त्या दिवशीचा धडा मी एकटीनं पुरा केला. बरोबर की चूक, सांगायला कुणी नव्हतं. पुढे कोर्स संपेपर्यंत माझ्याशी कुणी बोललंही नाही. मी रोज गेले.

तिथे ठरलं ते आजवर मोडलेलं नाही. घोळक्यात जागा मिळावी म्हणून स्वतःला हसायचं नाही. घोळका उठून गेला, तर जाऊ दे.